डब्यावर नाव तुमचं आहे

प्रति,
परदेशी राउटर, सीसीटीव्ही रेकॉर्डर, टीव्ही बॉक्स आणि मशीन कंट्रोलर भारतात आणून विकणारे सर्व आयातदार व वितरक

प्रत माहितीसाठी: सीमाशुल्क आयुक्त, न्हावा शेवा, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारतीय मानक ब्युरो

स. न. वि. वि.

तुम्ही विकलेल्या एका यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला त्याचा मूळ मजकूर, मी मागितला होता. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकाच्या ऑफिसातून मला दोन ओळींचं उत्तर आलं. "आम्ही फक्त विक्रेते आहोत. सॉफ्टवेअरबाबतची विचारणा मूळ उत्पादकाकडे करावी." मूळ उत्पादकाचा पत्ता मागितला, त्यावर काहीच आलं नाही. सात महिने, चार मेल आणि दोन स्पीड पोस्ट खर्ची पडल्यावर या दोन ओळी हाती लागल्या. फोन किती केले ते मोजलेले नाहीत. त्या एका कंपनीशी माझं भांडण असतं तर तिथेच सोडलं असतं. पण असंच उत्तर, शब्द थोडे इकडेतिकडे करून, मला आजवर पाच जणांकडून आलंय. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघडपणे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्यात माझं दुरुस्तीचं टेबल आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. सुरुवात टीव्हीपासून केली. आता येईल ते घेतो. फाउंड्रीतल्या भट्टीचा कंट्रोलर येतो, इचलकरंजीहून लूमचं कार्ड येतं, हुपरीहून चांदीवर नक्षी कोरणाऱ्या लेझरचा बोर्ड येतो, आणि राउटर नि रेकॉर्डर तर ढिगाने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पूर ओसरल्यावर माझ्या दारात चिखलाने भरलेल्या रेकॉर्डरांची रांग लागली. बोर्ड धुतले, वाळवले, गंजलेले भाग बदलले, बरेचसे जिवंत झाले. पण ज्यांची फ्लॅश चिपच गेली होती तिथे हात टेकले. नवी चिप शंभर-दीडशे रुपयांना मिळते, पण ती कोरी असते. तिच्यात भरायचा प्रोग्रॅम कुठून आणायचा? ती सगळी खोकी मी वजनावर भंगारात घातली. तेव्हा मला ते नशीब वाटलं होतं. तो माझा हक्क होता आणि मी तो मागितला नव्हता, हे पुढे दोन वर्षांनी समजलं.

आता ज्यावरून हा पत्रव्यवहार सुरू झाला ते सांगतो. करवीर तालुक्यातल्या एका गावातली दूध संस्था. संकलन केंद्रावर सहा कॅमेरे, कारण पहाटेच्या मापावरून वाद होतात. कुणाचं दूध किती लिटर, फॅट किती लागली, कॅन कुणी कधी ठेवला, हे चित्रीकरण काढून दाखवलं की भांडण मिटतं. रेकॉर्डरची डिस्क गेली. सचिवांनी जास्त दिवसांचं चित्रीकरण राहावं म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणली. रेकॉर्डर ती ओळखेना.

मी झाकण उघडलं, बोर्डवरच्या सिरीयल पोर्टला तीन वायरी जोडल्या आणि ११५२०० च्या वेगाने काय बोलतोय ते लॅपटॉपवर पाहिलं. आधी यंत्र सुरू करणारं यू-बूट, मग लिनक्स ३.१० हा कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, मग छोट्या आज्ञांचा संच असलेलं बिझीबॉक्स. तिन्ही जीपीएल या परवान्याखालचे, तो काय ते पुढे सांगतो. डिस्क हार्डवेअरला दिसत होती. पण २ टीबीच्या वरच्या डिस्कला जी विभागणीची पद्धत लागते, जीपीटी म्हणतात ती, ती वाचण्याची सोय कर्नल बांधताना बंद ठेवलेली होती. एक पर्याय, 'नाही'चा 'हो' करायचा, कर्नल पुन्हा बांधायचा, संपलं. अर्ध्या दिवसाचं काम. त्यासाठी मला त्या बोर्डच्या कर्नलचा सोर्स कोड आणि तो कसा बांधला त्याची फाइल हवी होती, आणि ती देणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. उपकार म्हणून मी ती मागत नव्हतो.

सचिव शेजारी बसले होते. त्यांना म्हटलं, हे चीनच्या कंपनीकडून मागवायला लागतंय. ते म्हणाले, "चीनला कोण जातंय? डब्यावर नाव कुणाचं हाय? त्याला धरा की." डब्यावर तुमचं नाव होतं.

कर्तव्य कसं, ते थोडं उलगडून सांगतो. तुमच्यातल्या काहींना हे खरंच माहीत नसावं, असं मी अजूनही धरून चाललोय.

जीपीएल म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. लिनक्स कर्नल तिच्याखाली आहे, बिझीबॉक्स तिच्याखाली आहे, राउटरमधलं फायरवॉलचं आयपीटेबल्स तिच्याखाली आहे. फुकट घ्या, बदला, विका, पैसे कमवा, कुणाला विचारायला नको. मुख्य अट एकच. ज्याला तयार प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही द्या. सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षं चालेल अशी लेखी हमी द्या की, जो कुणी मागेल त्याला पाठवण्याच्या खर्चापलीकडे एक पैसा न घेता देऊ. 'जो कुणी' असं त्यात स्पष्ट आहे, खरेदीची पावती लागत नाही. आणि सोर्स कोड म्हणजे काय हेही लिहून ठेवलंय: सगळे भाग, आणि ते बांधायला नि बसवायला वापरलेल्या स्क्रिप्टसुद्धा.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे एका मिनिटात कळतं. गिऱ्हाईक पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, देतं, तुम्ही त्यावर ओतकाम करून कास्टिंग देता. पॅटर्न तुमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असला तरी तो तुमचा होत नाही, मागितला की द्यावा लागतो. कास्टिंग घासता येतं, भोक पाडता येतं, पण त्यावरचा एक उंचवटा दोन सूत सरकवायचा तर पॅटर्नच लागतो. फ्लॅश चिपमध्ये भरलेला तयार प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, हे कास्टिंग. तुम्ही हजारो कास्टिंग विकताय आणि पॅटर्नचं नाव काढलं की फोन ठेवताय. तोही पॅटर्न तुम्ही केलेला नाही, तुमच्या चिनी पुरवठादारानेही नाही. जगभरच्या हजारो लोकांनी तो घडवलाय आणि याच अटीवर मोकळा सोडलाय.

आता तक्रारी.

पहिली. डब्यात कागदच नसतो. बारा भाषांतलं माहितीपत्रक असतं, वॉरंटी कार्ड असतं, 'मुलांपासून दूर ठेवा' असतं. माझ्या टेबलावर गेल्या वर्षभरात आलेल्या खोक्यांपैकी ज्यांच्यात लिनक्स सापडलं त्यांतल्या मोजून दोन खोक्यांत सोर्स कोडची हमी छापलेली होती. दोन्ही मोठ्या कंपन्यांची. त्यातल्या एकीच्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत आला, पत्ताच बंद पडलेला.

दुसरी. मागितला की माणूस फिरवला जातो. ग्राहक सेवेतली मुलगी म्हणते, "सर, तुमची वॉरंटी संपली आहे." तिचा दोष नाही, तिच्यासमोरच्या यादीत 'सोर्स कोड' हा पर्यायच नसतो. मग कुणीतरी 'टेक्निकल टीम' येते आणि नवीन फर्मवेअरची फाइल पाठवते. मी पॅटर्न मागतोय, ते आणखी एक कास्टिंग पाठवतात. एकाने 'डॉक्युमेंटेशन चार्ज' म्हणून पंचवीस हजार रुपये मागितले. एकाने आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा म्हटलं. ज्या गोष्टीची अटच 'सगळ्यांना द्या' ही आहे, ती गुप्त ठेवण्याच्या करारावर! मी तो कागद जपून ठेवलाय.

या गोपनीयतेचं आणखी एक रूप म्हणजे "चिप बनवणारी कंपनी आम्हाला देऊ देत नाही." हे कारण ऐकायला खरं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतलं सातवं कलम याच प्रसंगासाठी आहे. दुसऱ्या कुठल्या करारामुळे तुम्हाला या अटी पाळता येत नसतील, तर तुम्ही तो प्रोग्रॅम वाटूच शकत नाही, असं ते सांगतं. म्हणजे हे कारण लेखी देऊन तुम्ही सुटत नाही. तुम्हाला विकायचा हक्क नव्हता, एवढंच त्यातून कबूल होतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागते, कारण इथे देण्याचं नाटक होतं. एका राउटरसाठी मला खरोखर झिप फाइल आली. दोन दिवस आनंदात होतो. उघडून पाहिलं तर इंटरनेटवर कुणालाही मिळतो तो मूळ कर्नल, जसाच्या तसा. त्या बोर्डसाठी केलेले बदल नाहीत, बांधणीची फाइल नाही, स्क्रिप्ट नाहीत. पॅटर्न म्हणून दुसऱ्याच जॉबचा पॅटर्न पाठवायचा आणि कोअर बॉक्स, म्हणजे आतल्या पोकळीचा साचा, आपल्याकडे ठेवून घ्यायचा, असा प्रकार.

चौथी. एकच बोर्ड चार नावांनी येतो. खोक्याचा रंग वेगळा, ॲपचं नाव वेगळं, आत शिक्का तोच. वर्ष-दीड वर्षात ब्रँड गायब. मग ज्याच्याकडे मागायचं तोच उरत नाही, आणि चालू हार्डवेअर भंगारात जातं. इथे एक गंमत सांगतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत आयात केलेला माल विकणाऱ्याला 'उत्पादक' धरलंय, आणि तुम्ही तशी नोंदणी करता. वजनमाप कायद्याच्या नियमांप्रमाणे खोक्यावर आयातदार म्हणून नाव-पत्ता छापता. तिथे तुम्ही कुणी तरी असता. सोर्स कोड मागितला की 'फक्त विक्रेते' होता.

पाचवी, सुरक्षेची. त्या दूध संस्थेच्या रेकॉर्डरमध्ये टेलनेट, म्हणजे नेटवरून आत शिरायचं जुनं दार, उघडं होतं आणि मुख्य पासवर्ड कारखान्यातून कायमचा ठोकलेला. ३.१० हा कर्नल २०१३ चा, त्याची देखभाल २०१७ मध्ये थांबली. असल्याच उघड्या पासवर्डांवर २०१६ मध्ये मिराई नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला आणि लाखो कॅमेरे-राउटर गुलाम करून त्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचा रस्ता काही तास अडवला. तुम्ही नवं फर्मवेअर देत नाही आणि आम्हाला आमचं बांधू देत नाही. मग ते भोक कुणी बुजवायचं?

परकं फर्मवेअर चढूच न देणाऱ्या, लॉक केलेल्या बूटलोडरवर (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) मी मुद्दाम लिहीत नाही. त्यावर दुसऱ्या आवृत्तीपुरतं जाणकारांतही दुमत आहे, आणि मला वादग्रस्त गोष्टीत तुम्हाला पळवाट द्यायची नाही.

"पण आमचं गुपित?" असं तुमच्यातल्या एकाने फोनवर विचारलं होतं. चांगला माणूस होता, नीट बोलला. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. लिनक्सवर चालणारा तुमचा स्वतंत्र ॲप्लिकेशन प्रोग्रॅम, तुमची चेहरा ओळखण्याची युक्ती, तुमचं क्लाउड, यांतलं काहीही कुणी मागत नाही. जे जीपीएलखाली आहे आणि त्यात तुम्ही किंवा तुमच्या पुरवठादाराने जे बदल केलेत, तेवढंच. यावर तो म्हणाला की पुरवठादार आम्हालाच देत नाही हो. खरी गोष्ट तिथे आहे, आणि त्याकडेच मी येतोय.

पुरवठादाराकडे बोट दाखवून आयातदार सुटतो का? हा प्रश्न नवा नाही. युरोपात तो कोर्टात गेलाय, आणि खालची प्रकरणं विकणाऱ्याच्या विरुद्ध गेलीत.

हाराल्ड वेल्टे हे आयपीटेबल्सच्या लेखकांपैकी एक. २००४ मध्ये त्यांनी एका राउटर कंपनीविरुद्ध म्युनिकच्या कोर्टातून मनाई हुकूम मिळवला आणि पुढे असल्या प्रकरणांचा पाठपुरावाच हाती घेतला. २००७ मध्ये तिथेच स्काइपवर पाळी आली. फोन दुसऱ्याच कंपनीचा होता, स्काइप आपल्या संकेतस्थळावरून तो नुसता विकत होती. 'आम्ही विक्रेते' चाललं नाही, आणि पुढच्या वर्षी स्काइपने अपील मागे घेतलं. २०१३ मध्ये हॅम्बुर्गला फान्टेक नावाच्या कंपनीची पाळी आली. मीडिया प्लेअर चीनमधून बनवून आणलेला. सोर्स कोड दिला होता, पण अपुरा, आयपीटेबल्सचा भाग त्यात नव्हता. कंपनी म्हणाली, चिनी पुरवठादाराने पूर्ण असल्याची खात्री दिली होती. कोर्टाने सांगितलं, नुसत्या खात्रीवर विसंबता येणार नाही. स्वतः तपासा, जमत नसेल तर जाणकाराकडून पैसे देऊन तपासून घ्या. माझी तिसरी तक्रार आणि तुमचं आवडतं कारण, दोन्ही या एका निकालात येतात.

अमेरिकेत बिझीबॉक्सच्या लेखकांनी २००९ मध्ये एकदम चौदा कंपन्यांवर दावा लावला. त्यात बनवणारे होते तसे दुकानदारही होते. त्यातल्या वेस्टिंगहाउस डिजिटलला पुढच्या वर्षी ९०,००० डॉलरची भरपाई बसली, शिवाय तसे टीव्ही ताब्यात द्या असाही हुकूम झाला. २०२१ पासून तिथे व्हिझिओ टीव्हीचं प्रकरण चालू आहे. त्यात दावा लावणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेचं म्हणणं असं की, आम्ही टीव्ही विकत घेतलाय, जीपीएलचा करार आमच्यासारख्या घेणाऱ्यांसाठीच आहे, म्हणून ग्राहक म्हणून आम्हाला सोर्स कोड मागता येतो.

आणि हे सगळं दंडासाठी चाललेलं नाही. लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर तुमच्यातल्या जुन्या लोकांनी विकला असेल. २००३ मध्ये त्यात लिनक्स असल्याचं लोकांनी शोधलं, मागे लागले, कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोकळं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतं. तो राउटर बंद पडला नाही, उलट वर्षानुवर्षं खपत राहिला. एका विक्रेत्याला यात काय वाईट दिसावं हे मला कळत नाही.

"ते जर्मनी-अमेरिका झालं, इथे काय?" हेही मला ऐकवलं गेलंय.

इथे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. संगणक प्रोग्रॅम त्यात साहित्यकृती म्हणून संरक्षित आहे, परदेशी लेखकाचाही, कारण एकमेकांच्या देशांतल्या लेखकांचे हक्क मानण्याच्या बर्न कराराचे आपण सभासद आहोत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं चौथं कलम म्हणतं, अटी मोडल्या की वाटण्याचा हक्क आपोआप संपतो. हक्क संपल्यावर काढलेली प्रत ही बेकायदा प्रत. आणि आपल्या कायद्याचं ५१ वं कलम बेकायदा प्रत भारतात आयात करणं हेसुद्धा उल्लंघन मानतं. सूट आहे ती आयात करणाऱ्याच्या घरगुती वापराच्या एका प्रतीला. कंटेनरला नाही. ५३ व्या कलमाप्रमाणे हक्कधारक सीमाशुल्क आयुक्तांना लेखी नोटीस देऊन एक वर्षापर्यंत अशा प्रती निषिद्ध माल धरायला सांगू शकतो. माल अडवला की ४८ तासांत दोन्ही बाजूंना कळवायचं, १४ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर सोडायचा. सगळं लिहिलेलं आहे. वापरलं जात नाही, एवढंच.

मला खटकतं ते यातलं दुटप्पीपण. आमच्या उद्यमनगरात चोरीचं कॅड सॉफ्टवेअर नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं, माझ्याही लॅपटॉपवर एके काळी होतं. मग नोटिसा यायला लागल्या, ६३-ब कलम दाखवलं जायला लागलं, सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि लोक घाबरून एकतर पैसे भरायला लागले किंवा मोकळं सॉफ्टवेअर शिकले. बरोबरच झालं. पण दोन लेथवाल्या माणसाला जो कायदा दाखवला जातो, तोच कायदा न्हावा शेव्याला उतरणाऱ्या माणसाला कुणी कधी दाखवत नाही.

आता मागण्या. फार नाहीत.

तुम्हा आयातदारांकडे मुख्य मागणी एकच आहे, बाकीच्या तिच्या शेपटाला आहेत. सोर्स कोड ऑर्डर देतानाच मागा. माल आल्यावर मागितला तर पुरवठादार देणार नाही, हे मलाही कळतं. तुमचा व्यवहार बहुतेक वेळा ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल बोटीत चढल्यावर असा असतो. त्या ७० टक्क्यांच्या आधी एक अट घाला: या मालात भरलेल्या फर्मवेअरचा जीपीएलखालचा संपूर्ण सोर्स कोड, बांधणीच्या स्क्रिप्टसह, आणि तो आमच्या माणसाने इथे बांधून पाहिल्यावरच पैसे. शेन्झेनच्या कारखान्याला माझ्या मेलची किंमत शून्य आहे. तुमच्या ७० टक्क्यांची नाही. बांधून पाहणारा माणूस मिळत नाही म्हणाल, तर आमच्या जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली अंतिम वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतायत. मीही करून देईन, योग्य मजुरी घेऊन.

मग तो सोर्स कोड तुमच्या संकेतस्थळावर ठेवा, कुणाला मेलही करायला लागणार नाही. खोक्यात चार ओळींची लेखी हमी छापा, मराठीत नि हिंदीतही छापा. ग्राहक सेवेच्या यादीत 'सोर्स कोड' हा एक पर्याय घाला. आधी विकलेल्या मालाचं जे जमेल ते द्या. जे मिळतच नाही ते तसं लेखी सांगा, खोटी झिप पाठवू नका.

मंत्रालय आणि मानक ब्युरोला विनंती. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आणि त्यात कंपन्यांना सोर्स कोडही प्रयोगशाळेला तपासायला द्यावा लागतो. म्हणजे 'सोर्स कोड मिळत नाही' हे सरकारपुढे चालत नाही, तो मिळतो. मग नोंदणीच्याच अर्जात एक रकाना वाढवा: यात जीपीएलखालचं सॉफ्टवेअर आहे का, असल्यास सोर्स कोड जनतेला कुठे मिळेल? २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच्या कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण केलं. त्याच सरकारच्या पैशातून शाळांत, ग्रामपंचायतींत, चौकाचौकांत जे कॅमेरे लागतात, त्यांच्या टेंडरमध्ये तरी ही अट असावी.

सीमाशुल्क आयुक्तांना कळकळीने सांगतो, सरसकट माल अडवा असं माझं म्हणणं नाही. तसं झालं तर आमच्यासारख्यांचाच धंदा बसेल. पण हक्कधारकाची नोटीस आलीच, तर 'ही सॉफ्टवेअरची भानगड आहे' म्हणून बाजूला ठेवू नका. आणि लिनक्समध्ये ज्यांचा कोड आहे असे भारतीय लोक कमी नाहीत, पुण्यात-बंगळुरात मोठ्या पगारावर आहेत. दावा लावायचा हक्क मला नाही, त्यांना आहे. त्यांनी एकदा तरी आपल्या गावच्या टेबलावर काय येतं ते बघावं.

वसुलीसाठी लायसन्स वापरणारे लोकही झालेत, जर्मनीत एकाने तसा धंदाच मांडला होता आणि त्याच्याच प्रकल्पातल्या सहकाऱ्यांनी त्याला बाजूला काढलं. मला ते करायचं नाही. कर्नलच्या अनेक लेखकांनी २०१७ मध्ये जाहीर केलं की पहिल्यांदा चुकलेल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर त्याचा हक्क पूर्ववत मानू. मीही तीच मुदत देतोय. ३० दिवसांनंतर मी माझ्याकडचे सगळे बूट लॉग (यंत्र सुरू होतानाच्या नोंदी), पत्रव्यवहार आणि खोक्यांचे फोटो त्या-त्या सॉफ्टवेअरच्या हक्कधारकांना पाठवणार, आणि ग्राहक आयोगाकडे दूध संस्थेची तक्रार दाखल करायला मदत करणार. पुढे गरज पडलीच तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतं, आम्हाला मुंबईची गाडी पकडायची गरज उरलेली नाही. ही धमकी समजू नये, पत्ता म्हणून सांगितलं.

आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांना कुणी सोर्स कोड दिला नव्हता, हे मला कुणीतरी नक्की ऐकवेल. बरोबर आहे. पण त्यांनी स्क्रू फिरवला की झाकण उघडत होतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: सात उपकरणांच्या बूट लॉगच्या प्रती, पाठवलेल्या व आलेल्या पत्रांची यादी, गोपनीयतेच्या कराराची प्रत (सही न केलेली)

ता. क. दूध संस्थेत २ टीबीची एक जुनी डिस्क टाकून वेळ मारून नेली आहे. चित्रीकरण जेमतेम बारा दिवसांचं राहतं. ४ टीबीची डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तिच्या वॉरंटीचे अकरा महिने उरलेत, आणि सचिव दर मंगळवारी फोन करतात.